तिसऱ्या बंदुकीचें काय करावें?

भात पोटरींत आलें कीं सह्याद्रीच्या पायथ्याच्या गांवीं रात्रीची झोप उडते. रानडुकरांचा कळप एका रात्रींत शेताचा कोपराच्या कोपरा लोळवून जातो, आणि माकडें तर दिवसाढवळ्या नारळ-केळीची नासाडी करितात. अशा मुलुखांत माळा, पत्र्याचा डबा, कुत्रा आणि बंदूक हीं शेतीचींच साधनें होत. कोंकणांत, कोल्हापूरच्या पश्चिम भागांत व गोमंतकांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या बंदुका आजही आहेत. ज्या घरांना जुना वारसा होता तेथें आजोबांची ठासणीची, वडिलांची दुनळी आणि पुढें कोणी हौसेनें घेतलेलें पिस्तूल, अशीं तीन हत्यारें एकाच इसमाच्या नांवावर चढलेलीं असत. डिसेंबर २०१९ पर्यंत त्यांत कायद्याच्या दृष्टीनें कांहीं वावगें नव्हतें.

त्या महिन्यांत कायदा बदलला, आणि तिसरें हत्यार बाळगण्याचा हक्क गेला. तें जमा करण्याची मुदत १३ डिसेंबर २०२० रोजीं संपली. तेव्हां हा विषय आतां शिळा झाला, असें कोणी म्हणेल. आमचा अनुभव तसा नाहीं. महसूल खात्याच्या चाकरींत आमचें आयुष्य कागदांत गेलें. त्यामुळें निवृत्तीनंतरही शेतकरी मंडळी आपलीं दप्तरें घेऊन आमच्याकडे येतात. त्यांत अजूनही एखादा असा निघतो, कीं ज्याच्या वडिलांनीं तिसरी बंदूक जमा केलीच नाहीं. दुसऱ्या एखाद्याचे वडील वारलेले असतात, आणि त्यांच्या दोन व मुलाच्या दोन अशा चार बंदुका एका छपराखालीं आलेल्या असतात. बंदूक टाकवत नाहीं, ठेवतां येत नाहीं, आणि कोणाला विचारावें तर भीति वाटते. सबब या बाबतींत कायदा काय म्हणतो व मालकास कोणते मार्ग मोकळे आहेत, हें क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कायद्यांत काय बदललें

आपल्या देशांत चालू असलेला शस्त्र अधिनियम १९५९ सालचा असून तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. एका इसमानें किती बंदुका बाळगाव्या, याचा आंकडा त्यांत प्रथम नव्हता. १९८३ च्या दुरुस्तीनें तो तीनवर आणिला. २०१९ सालीं जें विधेयक मांडण्यांत आलें त्यांत तर एकच हत्यार ठेवावें असें होतें. पण त्यावर हरकती आल्यानें सरकारनें दोन मान्य केलीं. लोकसभेनें ९ डिसेंबरास व राज्यसभेनें १० डिसेंबरास तें मंजूर केलें, आणि १४ डिसेंबर २०१९ पासून त्याचा अंमल सुरू झाला.

या दुरुस्तीचा मतलब थोडक्यांत असा. ज्याच्याकडे दोहोंपेक्षां अधिक अग्निशस्त्रें असतील त्यानें आपल्या पसंतीचीं दोन ठेवावीं व बाकीचें एक वर्षाच्या आंत जमा करावें. वर्ष संपल्यावर ९० दिवसांच्या आंत त्या जास्तीच्या हत्याराचा परवाना रद्द व्हावा. वारसाहक्कानें परवाना देतांनाही दोहोंची मर्यादा ओलांडूं नये. याच दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें झाली; ही सोय मात्र शेतकऱ्याच्या फायद्याची आहे.

येथें दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा, कीं हा आंकडा घरागणिक आहे. तो घरागणिक नसून माणसागणिक आहे. बाप व मुलगा यांचे वेगवेगळे परवाने असतील तर प्रत्येकास दोन ठेवतां येतात. उलट एकाच माणसाजवळ दोन परवाने असले तरी त्याची बेरीज दोनच. दुसरा समज असा, कीं ठासणीची बंदूक जुनाट म्हणून मोजणींत येत नाहीं. ठासणीची, एकनळी, दुनळी, रायफल, पिस्तूल हीं सर्व सारखींच मोजलीं जातात. जें हत्यार जुन्या बनावटीचें, पुराणवस्तु म्हणून मोलाचें किंवा मोडकें असून दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून चालूं शकणार नाहीं, त्यास मात्र कायद्यांत सूट आहे. पण चालूं शकतें कीं नाहीं, याचा निर्णय मालकानें आपल्या मनानें करूं नये. अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावा. मान्यताप्राप्त नेमबाजी संस्थांच्या सभासदांना व नामांकित नेमबाजांनाही सवलती आहेत, परंतु त्या खेळाडूंसाठीं असून शेतकऱ्यास त्यांचा उपयोग नाहीं.

मालकी निराळी, ताबा निराळा

या प्रकरणांतील सर्व गोंधळ एका गोष्टीमुळें होतो. लोकांस वाटतें, कीं कायद्यानें बंदूक काढून घेतली. वस्तुतः कायद्यानें ताबा काढून घेतला आहे. मालकी काढून घेतलेली नाहीं. शेतकऱ्यास हा भेद नवा नाहीं. जमीन एकाची व वहिवाट दुसऱ्याची, हें तो गांवच्या कागदांत नेहमीं पाहतो. बंदुकीचेंही तसेंच आहे. अधिनियमाच्या २१ व्या कलमाप्रमाणें, हत्यार बाळगणें कोणत्याही कारणानें बेकायदेशीर झालें तर तें विनाविलंब जमा केलें पाहिजे. मात्र जमा केल्यानंतरही नियमांनीं ठरविलेल्या मुदतींत तें विकण्याचा व आलेली रक्कम घेण्याचा हक्क जमा करणाराचाच राहतो. तो मयत झाल्यास हा हक्क त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीकडे जातो. पुढें त्याला तें हत्यार बाळगण्याचा अधिकार आला तर तें परतही मिळूं शकतें.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच, कीं आधीं जमा करावें व मग विचार करावा. पुष्कळ जण उलट करितात. गिऱ्हाईक मिळेपर्यंत बंदूक घरींच ठेवावी असें त्यांस वाटतें, आणि तेवढ्या काळांत मालक गुन्हेगार होऊन बसतो. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनें वाढली असून ती आतां कमींत कमी दोन वर्षें व जास्तींत जास्त पांच वर्षें कैद आणि शिवाय दंड, अशी आहे.

जमा कशी करावी

जमा करण्यास दोन ठिकाणें आहेत : जवळचें पोलीस ठाणें, अथवा परवाना असलेला शस्त्रव्यापारी. लष्करांत असलेल्या इसमास आपल्या पलटणीच्या शस्त्रागारांतही ठेवतां येते. ठाण्यांत हत्यार सुरक्षित राहतें, पण त्यास तेलपाणी करण्यास कोणी बसलेलें नसतें. कोंकणच्या दमट हवेंत एका पावसाळ्यांत नळी गंजूं शकते. व्यापाऱ्याकडे निगा बरी राहते, परंतु तो भाडें घेतो. तें दरमहा किती व कोठपर्यंत, हें आधींच लेखी ठरवून घ्यावें. नाहीं तर विक्रीच्या वेळीं भाड्याचीच रक्कम बंदुकीच्या किंमतीएवढी झालेली दिसते.

बंदूक नेतांना ती रिकामी करून, गवसणींत घालून, परवान्यासह न्यावी आणि ठाण्यास आगाऊ कळवावें. तिचीं काडतुसें, आणि ठासणीची असल्यास दारू व केपाही बरोबर द्याव्या. बंदूक दिली व काडतुसें कोनाड्यांत राहिलीं, तर तीही जोखीमच आहे. पोहोच घेतल्यावांचून ठाण्याची पायरी उतरूं नये. पोहोचेवर हत्याराचा प्रकार, बनावट, नंबर, नळीचें माप, काडतुसांची संख्या व हत्याराची स्थिति हीं लिहून घ्यावीं.

यानंतर एक काम उरतें, तें बहुतेक विसरतात. जमीन विकून फेरफार न नोंदविल्यास जसा पुढें घोळ होतो, तसाच येथें होतो. जमा केलेल्या हत्याराची नोंद परवान्यावरून कमी करून घ्यावी, आणि आपल्या परवान्याच्या विशिष्ट ओळख क्रमांकाखालीं राष्ट्रीय संग्रहांतही ती कमी झाली आहे याची खात्री करावी. जिल्ह्यांत हें काम जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरींत व पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्तांकडे होतें.

आणखी एक खुलासा. निवडणुकीच्या दिवसांत पोलीस बंदुका जमा करून घेतात व मागाहून परत देतात. ती जमा निराळी व ही निराळी. निवडणुकींत तिन्ही बंदुका ठाण्यांत होत्या, म्हणून आपण कायदा पाळला, असें समजून कोणी तिन्ही परत घरीं आणिल्या असतील तर ती मोठी चूक आहे.

चार मार्ग

पहिला मार्ग, परवानाधारकास विक्री. खाजगी मालकास आपलें हत्यार विकण्यास व्यापाऱ्याचा परवाना लागत नाहीं. परंतु ५ व्या कलमाप्रमाणें विकण्याचा आपला इरादा, घेणाराचें नांव व पत्ता, हें सर्व जिल्हा दंडाधिकाऱ्यांस किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यास लेखी कळविलें पाहिजे, आणि कळविल्यापासून निदान ४५ दिवस गेल्यावरच हत्यार हवालीं केलें पाहिजे. न कळवितां किंवा ४५ दिवसांच्या आंत दिलें तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. घेणाराच्या परवान्यांत त्या प्रकारच्या हत्यारास मंजुरी आहे काय, व त्याची दोहोंची संख्या आधींच भरलेली नाहीं ना, हें स्वतः परवाना पाहून ठरवावें. मध्यस्थाच्या तोंडावर विसंबूं नये.

दुसरा मार्ग, व्यापाऱ्यास विक्री. यांत श्रम कमी, पण किंमतही कमी. त्याचें कारण उघड आहे. कायदा बदलतांच सर्वांचें तिसरें हत्यार एकाच वेळीं बाजारांत आलें, आणि गिऱ्हाइकाची जागाही तीनवरून दोनवर आली. माल वाढला व घेणारे घटले. तेव्हां जुन्या पावतीवरील आंकडा धरून बसण्यांत अर्थ नाहीं. दोन व्यापाऱ्यांकडे भाव काढावा व पावती घेऊन मोकळें व्हावें.

तिसरा मार्ग, घरांतील माणसाच्या नांवें करणें. ज्यांस आजोबांची बंदूक घराबाहेर जाऊं द्यावयाची नाहीं त्यांस हा उत्तम. २०१६ च्या नियमांप्रमाणें परवानाधारक मयत झाल्यावर त्याच्या वारसास परवाना देतां येतो. जिवंतपणींही, परवानाधारकाचें वय ७० झाल्यावर किंवा हत्यार २५ वर्षें बाळगल्यावर, यांपैकीं जें आधीं होईल तेव्हां, तो नेमील त्या वारसास देतां येतो. परंतु वारस म्हणजे आपोआप परवानाधारक नव्हे. त्याचें वय २१ पुरें पाहिजे, त्याची स्वतंत्र चौकशी होते, व त्याचीही मर्यादा दोहोंचीच. परवाना हातीं येईपर्यंत बंदूक ठाण्यांत किंवा व्यापाऱ्याकडेच राहिली पाहिजे. मुलगा घरांतच राहतो, मग बंदूक त्याच्या खोलींत ठेवली तर काय बिघडलें, असा प्रश्न आम्हांस अनेकांनीं विचारिला आहे. त्याचें उत्तर वर शिक्षेच्या कलमांत आलेंच आहे.

चौथा मार्ग, सरकारास देऊन टाकणें. ज्या बंदुकीस गिऱ्हाईक नाहीं व घरांत परवाना घेण्यासारखा कोणी नाहीं, तिच्याबाबत हाच मार्ग उरतो. मात्र यांत मोबदल्याची आशा धरूं नये. ऑस्ट्रेलियानें १९९६ सालीं कांहीं जातींच्या बंदुका बंद केल्या तेव्हां तेथील सरकारनें सहा लक्षांहून अधिक बंदुका दाम देऊन विकत घेतल्या. न्यूझीलंडनेंही २०१९ सालीं क्राइस्टचर्च येथील हत्याकांडानंतर तशीच खरेदी करून पन्नास हजारांहून अधिक बंदुका गोळा केल्या. आपल्या २०१९ च्या दुरुस्तींत अशी खरेदीची तरतूद नाहीं. ही तुलना येथें कायद्यास दोष देण्यासाठीं केलेली नाहीं. तेथें सरकार दाम घेऊन दारीं येत होतें. येथें दाम हवा असेल तर मालकानें स्वतः, आणि मुदतींत, हालचाल केली पाहिजे, एवढेंच सांगावयाचें आहे.

कारण मुदत गेल्यावर जमा केलेलें हत्यार सरकारजमा होतें. तसा हुकूम करण्यापूर्वीं जिल्हा दंडाधिकारी लेखी नोटीस देतात, व ती पोहोंचल्यापासून ३० दिवसांत कारण दाखविण्याची संधि असते. विक्रीची बोलणी चालू आहे, वारसाचा अर्ज प्रलंबित आहे, आजारपण होतें, जें खरें असेल तें पुराव्यासह लिहावें. त्याचा विचार करूनच हुकूम होतो. ही नोटीस परवान्यावरील पत्त्यावर येते. घर बदललें असल्यास पत्ता बदलून घ्यावा.

काय करूं नये

गांवच्या लोहाराकडून नळी कापून घेऊं नये. नळी आंखूड करण्यास कायद्यानें वेगळा परवाना लागतो. निकामी करण्याच्या हेतूनें केलेलें कामही गुन्हा ठरूं शकतें. विहिरींत किंवा डोहांत टाकूं नये. हत्यार गेलें तरी परवान्यावरील नंबर जात नाहीं, आणि तें कोठें आहे याचा जबाब मालकासच द्यावा लागतो. गड्याजवळ अगर शेजाऱ्याजवळ राखणीसाठीं देऊं नये; त्यायोगें दोघेही अडकतात.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध खातेदार होते. त्यांच्याकडे तीन बंदुका. मुदत आली तेव्हां दोन त्यांनीं ठेवल्या, आणि तिसरी, त्यांच्या वडिलांची एकनळी, घोंगडींत गुंडाळून पोटमाळ्यावर कणगीमागें सारली. ठाण्यांत दिली तर ती पुन्हा दिसणार नाहीं, असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. कांहीं वर्षांनीं ते वारले. घर शाकारतांना ती मुलाच्या हातीं लागली, आणि तो त्याच रात्रीं आमच्या ओटीवर येऊन बसला. त्याच्या स्वतःच्या नांवें एकही परवाना नव्हता. बंदुकीस हात न लावतां ठाण्यांत लेखी वर्दी द्यावी, असें आम्हीं सांगितलें व अर्ज लिहून दिला. पोलिसांनीं येऊन ती ताब्यांत घेतली, जबाब झाले, चार हेलपाटे पडले. अखेर परवाना असलेल्या एका नातेवाइकास ती विकण्याची वाट मोकळी झाली. आलेली रक्कम फार नव्हती. ती त्यानें आईच्या हातीं दिली. प्रत्येक प्रकरणीं असाच शेवट होईल, असें आम्हीं कोणास सांगणार नाहीं. उशीर झाला असेल तर आधीं वकिलाचा सल्ला घ्यावा हें बरें. पण वडिलांनीं ती वेळेवर जमा केली असती तर ती त्याच नातेवाइकाकडे गेली असती, आणि मुलाची ती रात्र टळली असती.

कोणत्या दोन ठेवाव्या

अखेर निवडीविषयीं दोन शब्द. शेतीच्या कामास जी लागते ती आधीं ठेवावी. जिचीं काडतुसें सहज मिळतात, जी दुरुस्त आहे व जिच्या परवान्यांत आपलें शेत येतें, ती कामाची. शेतीसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा, आणि ती अपुरी पडत असल्यास दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १३ व्या कलमांत आहे. तेव्हां मिरविण्याचें पिस्तूल ठेवून राखणीची बंदूक देऊन टाकण्यांत शहाणपण नाहीं. तसेंच बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. रानडुकरासाठींही १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें वनखात्याच्या अधिकाऱ्याची परवानगी निराळी घ्यावी लागते.

असो. वाचकांनीं या आठवड्यांत एवढें करावें. घरांतील सर्व परवाने बाहेर काढावे, प्रत्येकावरील हत्यारांचे नंबर प्रत्यक्ष हत्यारांशीं ताडून पहावे, आणि ज्यांचे वडील वृद्ध आहेत त्यांनीं पोटमाळ्यासह सर्व घराची एकदां विचारपूस त्यांच्याच तोंडून करून घ्यावी. जास्तीचें हत्यार निघालें तर दुसऱ्याच दिवशीं वर सांगितलेल्या रीतीनें तें जमा करण्याची व्यवस्था करावी. विकावें कीं वारसास द्यावें, हा विचार पोहोच हातीं पडल्यावर स्वस्थपणें करतां येईल.